शरदात जपानचे डोंगर: पुण्याच्या मित्रमंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड करून झालेली पाच-सहा जणांची टोळी "या वेळी देशाबाहेर कुठेतरी" म्हणायला लागली, की हल्ली जपानचं नाव निघतंच. मग प्रश्न सुरू होतात, आणि बहुतेक प्रश्न तेच असतात. खालची उत्तरं मुख्यतः कामिकोची या एका खोऱ्याबद्दल आहेत. दहा दिवसांत आठ गावं उरकणाऱ्यांना ती फारशी उपयोगी पडणार नाहीत. आमचं मत स्पष्ट आहे: डोंगरासाठी जात असाल तर एकच खोरं धरा आणि तिथे निदान तीन रात्री काढा.

कामिकोचीच का? जपानमध्ये डोंगर काय कमी आहेत?

कमी नाहीत, पण मित्रांच्या गटासाठी ही जागा फार सोयीची आहे. कामिकोची म्हणजे नागानो प्रांतातलं, चुबू सांगाकु राष्ट्रीय उद्यानातलं सुमारे 1500 मीटर उंचीवरचं लांबट, सपाट खोरं. मधून आझुसा नदी वाहते आणि तिचं पाणी इतकं नितळ की तळातले गोटे मोजता यावेत. उत्तरेला होताकाची रांग भिंतीसारखी उभी. तिचं सर्वांत उंच शिखर ओकु-होताका 3190 मीटरचं, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट.

पुण्याच्या कुठल्याही ग्रुपमध्ये कात्रज ते सिंहगड रात्रीत मारणारा एक जण असतो आणि कॉलेज सुटल्यापासून पर्वतीही न चढलेला दुसरा. कामिकोचीत नदीकाठची वाट सपाट आहे, ठरावीक अंतरावर बसायला, खायला, राहायला जागा आहेत आणि कुठूनही मागे फिरता येतं. दोघेही सकाळी एकत्र निघू शकतात, आपापल्या वकुबाप्रमाणे चालू शकतात आणि संध्याकाळी एकाच टेबलावर जेवू शकतात.

शिवाय खासगी गाड्यांना आत बंदी आहे. खोऱ्यात जायचं ते बसने किंवा टॅक्सीने.

पानांचे शरदातले रंग नेमके कधी दिसतात?

सगळ्या नियोजनाचा पाया हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या सह्याद्रीत पानगळ होते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, जमिनीतलं पाणी आटायला लागलं की. तिथे ती होते थंडी आणि लहान होत जाणाऱ्या दिवसांमुळे. पानातलं हरितद्रव्य मोडायला लागतं आणि त्याखाली आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंगाचं तसं नाही. तो पानात त्याच वेळी नव्याने तयार होतो, आणि त्यासाठी दिवसा लख्ख ऊन आणि रात्री कडक गारठा लागतो. म्हणून एखाद्या वर्षी लाल पेटल्यासारखा दिसतो, एखाद्या वर्षी मळका.

थंडी आधी उंचावर पोचते, म्हणून रंग डोंगरावरून खाली उतरत येतो. उत्तरेकडे होक्काइदोच्या दाइसेत्सुझान डोंगरांत तो सप्टेंबरच्या मध्यावरच दिसायला लागतो. होताकाच्या पोटातल्या कारासावा या 2300 मीटरवरच्या खोलगट भागात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. कामिकोचीच्या तळात ऑक्टोबरचा मध्य ते अखेर. तिथल्या लार्च या सूचिपर्णी वृक्षांच्या सुया अगदी शेवटी, ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात सोनेरी होतात आणि वाऱ्याच्या झुळकीबरोबर पावसासारख्या झडतात. टोकियोजवळचा ताकाओ डोंगर आणि क्योतोची देवळं थेट नोव्हेंबरच्या उत्तरार्धात.

म्हणजे "जपानमध्ये रंग कधी" हा प्रश्नच अपुरा आहे. किती उंचीवर, ते आधी ठरवा.

दिवाळीच्या सुट्टीत जमेल का?

दरवर्षी उत्तर वेगळं. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. दिवाळी करून निघालात तर कामिकोचीत झाडं बोडकी भेटतील, आणि 15 नोव्हेंबरला खोरं हिवाळ्यासाठी बंदच होतं. ते उघडतं पुढच्या एप्रिलच्या मध्याला. त्या वर्षी दसरा 20 ऑक्टोबरला आहे. सोनं वाटून दुसऱ्या दिवशी निघा आणि दिवाळीच्या खरेदीला परत या, हा उत्तम बेत. 2027 मध्ये लक्ष्मीपूजन 29 ऑक्टोबरला, म्हणजे ऐन रंगात. घरचा फराळ की लार्चचं सोनं, हा निर्णय ज्याचा त्याने घरी घ्यावा.

कारासावा गाठायचं असेल तर गणपती झाल्या झाल्या निघावं लागतं. 2026 ची अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला आहे. मिरवणुकीचा शिणवटा घालवायला दोन दिवस ठेवा आणि विमान पकडा. लगेच पितृपक्ष लागतो. त्या पंधरवड्यात प्रवासाला निघण्याबद्दल आजीची समजूत कशी घालायची, याचं उत्तर आमच्याकडे नाही.

तारखा ठरवताना शनिवार-रविवार डोंगरात येणार नाहीत असं पाहा. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार जपानमध्ये क्रीडादिनाची सुट्टी असते. त्या जोडसुट्टीत कारासावाला तंबूंचं गावच वसतं आणि अरुंद वाटेवर रांगा लागतात.

फुजी चढता येईल?

नाही. फुजीचा चढाईचा हंगाम जुलैपासून 10 सप्टेंबरपर्यंत. नंतर वाटा अधिकृतपणे बंद, वरचे निवारे बंद, वारा भयंकर. शरदात फुजी लांबून पाहायचा.

व्हिसाचं काय?

भारतीय पारपत्रधारकांना व्हिसा लागतो. पर्यटनासाठी एकदा प्रवेशाचा ई-व्हिसा मिळतो, 90 दिवसांपर्यंतचा, आणि अर्ज व्हीएफएस या व्हिसा-अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत करायचा. बँकेचं स्टेटमेंट, प्राप्तिकराची कागदपत्रं, दिवसागणिक कार्यक्रम असं सगळं मागतात. कार्यक्रमात "मुक्काम: अमुक डोंगरनिवारा" असं लिहिलं तरी चालतं, फक्त पत्ता आणि फोन नंबर नीट द्या. ग्रुपमधल्या सगळ्यांचा कार्यक्रम शब्दशः जुळला पाहिजे. तो एकानेच तयार करावा आणि बाकीच्यांनी त्यात हुशारी करू नये.

ई-व्हिसा विमानतळावर फोनमध्ये, इंटरनेट चालू ठेवून, त्यांच्या संकेतस्थळावरच दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट किंवा प्रिंटआउट ग्राह्य धरत नाहीत. तेव्हा ई-सिम पुण्यातच घालून ठेवा.

पुण्याहून कामिकोचीपर्यंत कसं पोचायचं?

पुण्यातून टोकियोला थेट विमान नाही. मुंबईहून जा, किंवा वाटेत एकदा विमान बदला. मुंबईहून जात असाल तर द्रुतगती मार्गावरच्या घाटातल्या कोंडीचा हिशेब धरून निघा. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तर फारच लवकर.

टोकियोच्या शिंजुकू स्थानकातून मात्सुमोतोला थेट एक्स्प्रेस आहे. तिचं नाव आझुसा, त्या नदीवरूनच. अडीच-पावणेतीन तास लागतात आणि भाडं साधारण साडेसहा हजार येन. मात्सुमोतोहून छोट्या खासगी रेल्वेने अर्ध्या तासात शिन-शिमाशिमा, आणि तिथून तासाभराच्या बसने कामिकोची. बसची जागा आधी राखून ठेवा.

विमानातून उतरल्या दिवशीच डोंगरात शिरू नका. एक रात्र मात्सुमोतोत काढा. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथे सकाळचे सहा वाजलेले असतात तेव्हा तुमच्या शरीराच्या मते मध्यरात्रीनंतरचे अडीच झालेले असतात.

सात दिवसांचा जेआर पास, म्हणजे जपानी रेल्वेचा एकत्रित पास, 2023 च्या ऑक्टोबरमध्ये 50,000 येन झाला. या बेतासाठी तो परवडत नाही, सुटी तिकिटं काढा.

गाडी भाड्याने घेतली तर?

पुण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून जपानमध्ये गाडी चालवता येते, आणि तिकडेही गाड्या डावीकडूनच चालतात. पण कामिकोचीच्या अलीकडे, सावान्दोला किंवा हिरायुला, ती लावून बसच पकडायची आहे. मग पार्किंगचे पैसे कशाला भरायचे?

रोज किती चालावं लागेल?

तुम्हाला हवं तितकं. कप्पाबाशी हा लाकडी झुलता पूल खोऱ्याचा मध्य समजा. खालच्या अंगाला ताइशो तळं, तासाभराच्या अंतरावर. समोरचा याकेदाके हा 2455 मीटरचा जागृत ज्वालामुखी 1915 मध्ये उसळला, त्याच्या राडारोड्याने नदी अडली आणि हे तळं तयार झालं. पाण्यात वाळलेल्या झाडांचे खुंट अजून उभे आहेत. पहाटे धुकं असताना जा. दुपारी तिथे बसभर माणसं असतात.

वरच्या अंगाला म्योजिन तळं तासाभरावर. ते होताका देवस्थानाच्या आवारात आहे आणि आत जायला थोडं शुल्क पडतं. पुढे तोकुसावा आणखी तासाभरावर, त्यापुढे योकोओ आणखी तासावर. कप्पाबाशी ते योकोओ हे सुमारे अकरा किलोमीटर, आणि चढ जवळजवळ नाहीच.

खरी चढाई योकोओनंतर. कारासावापर्यंत सहा किलोमीटर आणि सुमारे सातशे मीटर उंची, तीन तासांची वाट. आतकरवाडीतून सिंहगड चढता त्याहून थोडी जास्त, पण त्याआधी अकरा किलोमीटर पाय वापरून झालेले असतात. म्हणून कारासावा एका दिवसात करून परत यायच्या फंदात पडू नका. पहिली रात्र तोकुसावा किंवा योकोओला, दुसरी कारासावाला, मग उतार.

जपानी नकाशांवर प्रत्येक टप्प्याचा वेळ छापलेला असतो. त्यात विश्रांती धरलेली नसते, फोटो धरलेले नसतात, आणि "थांबा रे, शेंगदाणे काढतो" हे तर नसतंच. आपल्या ग्रुपसाठी दीडपट धरा.

होताकाचं शिखर मारता येईल?

कारासावाच्या वर कातळ आहे, साखळ्या आहेत, शिड्या आहेत, आणि ऑक्टोबरात त्यावर बर्फाचा पापुद्रा चढतो. सह्याद्रीत कोरड्या कातळावर कितीही सराव झालेला असला तरी गोठलेल्या कातळावर तो कामी येत नाही. क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फासाठी बुटाखाली लावायचे काटे, वापरण्याचं शिक्षण झालेलं नसेल तर कारासावाला टेकून मागे फिरा.

शरदात डोंगर तसा सौम्यच असतो ना?

हा सर्वांत धोकादायक गैरसमज. 8 ऑक्टोबर 1989 ला कामिकोचीच्या उत्तरेला असलेल्या तातेयामा डोंगरात दहा जणांचा गट निघाला होता. वाटेत हिमवादळाने गाठलं आणि दहापैकी आठ जण थंडीने गारठून दगावले. आपल्याकडे त्याच तारखेला ऑक्टोबर हीटने घामाच्या धारा लागलेल्या असतात, त्यामुळे मनाला ते पटतच नाही.

साधा हिशेब लक्षात ठेवा. दर शंभर मीटरला तापमान सुमारे 0.6 अंशांनी उतरतं. टोकियोत 20 अंश असेल तर कामिकोचीत 11, कारासावाला सहा-सात, आणि हे दुपारचं. ऑक्टोबरअखेर कामिकोचीत पहाटे पाणी गोठतं. त्यात पाऊस आणि वारा आला की सहा अंशांतही माणूस गारठून बेशुद्ध पडू शकतो. बोलणं अडखळायला लागलं, बटणं लावता येईनात, थरथर थांबूनही माणूस सुस्त दिसला, तर तो थकलेला नाही. ओले कपडे उतरवा, कोरडे घाला, गोड आणि गरम पाजा, आणि जवळच्या निवाऱ्याला न्या.

सप्टेंबर-ऑक्टोबर हा वादळांचाही काळ. वादळ येतंय असं कळलं तर बस बंद होण्याआधी खाली उतरा.

अंधार किती वाजता पडतो?

ऑक्टोबरअखेर सूर्यास्त पाचच्या सुमारास. पुण्यात तेव्हा सहा वाजून गेलेले असतात. खोऱ्यात तर डोंगराआड ऊन कितीतरी आधीच जातं. तिकडच्या रिवाजाप्रमाणे दुपारी तीनपर्यंत मुक्काम गाठायचा असतो. पाचनंतर दार वाजवणाऱ्या पाहुण्याकडे निवाऱ्यातले लोक फार सभ्यपणे, पण अपराध्याकडे पाहावं तसं पाहतात. हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवा. फोनची बॅटरी म्हणजे टॉर्च नव्हे.

अस्वलांचं खरं काय आहे?

खरं आहे. होन्शू बेटावर आशियाई काळं अस्वल आहे, आणि शरदात ते हिवाळ्याआधी चरबी साठवायला दिवसभर खात फिरतं. 2020 च्या ऑगस्टमध्ये कामिकोचीतल्याच कोनाशिदाइराच्या तळावर अस्वलाने तंबूतल्या एका स्त्रीला जखमी केलं होतं. 2025 चा शरद तर फारच वाईट गेला. उत्तरेकडच्या अकिता प्रांताला सैन्याची मदत मागावी लागली.

घाबरून बेत रद्द करण्याचं कारण नाही. सॅकला घंटा लावा, ती मात्सुमोतोच्या दुकानात मिळते. पहाटे आणि संध्याकाळी एकटं फिरू नका. तंबूत खाणं ठेवू नका. चकलीचा वास माणसाला येतो त्याहून अस्वलाला फार लांबून येतो. माहिती केंद्राबाहेर अस्वल कुठे दिसलं याची पाटी असते, ती वाचूनच निघा. दिसलंच तर धावू नका, पाठ दाखवू नका, त्याच्याकडे पाहत हळू मागे सरका.

माकडं मात्र खात्रीने भेटतील. आपल्या गडांवरच्या माकडांसारखी ती पिशव्या ओढत नाहीत, कारण त्यांना कुणी खायला घालत नाही. ती सुरुवात आपण करू नये.

कुठे राहायचं? किती खर्च येतो?

कामिकोचीत हॉटेलं आहेत, साध्या खोल्या आहेत, तंबूचा तळ आहे. वर डोंगरनिवारे. निवाऱ्यात रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून माणशी साधारण तेरा ते पंधरा हजार येन पडतात. येन गेल्या काही वर्षांत 55-60 पैशांच्या आसपास फिरतोय, म्हणजे सात ते नऊ हजार रुपये. एवढ्या पैशात एका ओळीत अंथरलेल्या गाद्या मिळतात, खोली नव्हे. जेवण पाच-साडेपाचला, नऊला दिवे बंद. गप्पांचा फड रंगवायचा तर जेवणाआधी बाहेर बसून रंगवा. घोरणाऱ्याला कडेची जागा द्या आणि इतरांनी कानात बोळे घाला.

जागा आधी राखल्याशिवाय जाऊ नका. शरदातल्या जागा काही महिने आधीच भरतात, आणि बेत रद्द झाला तर न कळवता गैरहजर राहणं तिकडे फार वाईट समजतात.

वरच्या निवाऱ्यांत रोख पैसे लागतात. शौचालयांबाहेर पेटी असते, तिच्यात शंभर येन टाकायचे. प्रत्येकाने खिशात सुट्टी नाणी ठेवावीत, दर वेळी खजिनदाराकडे हात पसरू नये.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

तयारी न करता गेलात तर होतात. अडचण मांसाची नाही, ती दिसते तरी. अडचण दाशीची आहे, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या पाण्याची. मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, सगळ्यात ती असते, आणि "मांस नाही ना?" असं विचारलं तर वाढणारा प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो. मासा, माशाचं पाणी, अंडं यांपैकी काय चालत नाही ते जपानीत लिहिलेली चिठ्ठी छापून न्या. निवाऱ्याला राखतानाच कळवा. ते जमेल की नाही हे सरळ सांगतात. नाही म्हणाले तर फक्त मुक्काम घ्या आणि आपलं खा.

वाटेत खायला दुकानातली भाताची त्रिकोणी ओनिगिरी चांगली. खारवलेल्या आंबट फळाची, उमेबोशीची निवडा. कैरीच्या लोणच्याबरोबर भात खाणाऱ्याला ती लगेच आवडते. घरून खाकरे, दशम्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, राजगिऱ्याच्या वड्या, चिक्की, आणि गरम पाणी ओतून होणारे पोहे-उपमा. मांसाचा कुठलाही पदार्थ, ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता नेऊ नका, विमानतळावर अडवतात.

औषधं नेताना काय पाहायचं?

जपानचे कायदे इथे कडक आहेत. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि खोकल्याच्या काही औषधांत कोडीन. ठरावीक प्रमाणावर ही द्रव्यं असतील तर ते औषध तिथे बेकायदा ठरतं, भारतातल्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं असलं तरी. सर्दीची पाकिटं घरीच ठेवलेली बरी. रोजची औषधं एक महिन्यापर्यंतची, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह चालतात.

बूट-कपडे पुण्यातच घ्यायचे का?

घ्या, आणि निदान महिनाभर वापरा. नवे बूट थेट कामिकोचीत घालणाऱ्याचे फोड अख्ख्या ग्रुपला भोगावे लागतात. सह्याद्रीत गाजलेले साधे रबरी तळाचे बूट नदीकाठच्या वाटेला पुरतात. कारासावासाठी घोट्याला आधार देणारे आणि पाणी आत न घेणारे हवेत.

अंगाला लागून सुती कपडा नको, जीन्स तर नकोच. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि थांबलं की अंग गार करतो. आत घाम शोषून लवकर वाळणारा, मध्ये फ्लीस, वरून वाराही अडवेल असं पावसाळी जाकीट आणि पँट. आपला पावसाळी ट्रेकचा प्लास्टिकचा पोंचो वाऱ्यात डोक्यावरून उडतो, त्याच्या भरवशावर जाऊ नका. कानटोपी, हातमोजे, कोरड्या मोज्यांचा एक जोड पिशवीत बांधून.

विजेचा प्रश्न सोपा: तिकडे 100 व्होल्ट, दोन चपट्या पिनांचा सॉकेट. आपले बहुतेक चार्जर चालतात, फक्त पिनेचा अडॅप्टर न्या.

सराव किती हवा?

फक्त खोरं करणार असाल तर आठवड्यातून तीनदा वेताळ टेकडी किंवा हनुमान टेकडी पुरे. कारासावासाठी निघण्याआधी दीड-दोन महिने दर रविवारी सात-आठ किलोची सॅक घेऊन सिंहगड, आणि एकदा सलग दोन दिवस चालण्याचा सराव, राजगड-तोरणासारखा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसे वागतात, ते तेव्हाच कळतं. विरळ हवेची काळजी 2300 मीटरवर सहसा करावी लागत नाही.

किती जणांनी जावं? पैशांचा हिशेब कसा ठेवावा?

चार ते सहा. आठ झाले की टेबल मिळत नाही, निवाऱ्यात ओळ तुटते आणि निर्णय होत नाहीत.

प्रवास, मुक्काम, बस यांची कॉन्ट्री आधीच काढून एकाच्या खात्यात जमा करा. खाणं-पिणं, खरेदी टीटीएमएम. एक बिअर पिणारा आणि तिघे न पिणारे एकाच बिलात आले की ट्रिपनंतर सहा महिने ग्रुपवर शांतता असते.

वाटेवर पुढे एक, मागे एक, दोघेही अनुभवी. फाट्यावर सगळे येईपर्यंत थांबायचं. मागे राहिलेला पोचला की पुढचे लगेच उठून चालू लागतात, ही आपल्याकडची फार वाईट खोड. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज असते त्यालाच ती मिळत नाही. मागे फिरायची वेळ कोणती, हे सकाळी चहाबरोबर ठरवा. वर गेल्यावर "अजून अर्धा तास" म्हणणारा एक जण निघतोच, त्याला ते घड्याळ दाखवा.

काही परवानगी किंवा नोंद लागते का?

खोऱ्यात फिरायला नाही. वरच्या ठरवून दिलेल्या वाटांसाठी नागानो प्रांतात चढाईचा कार्यक्रम आधी नोंदवणं बंधनकारक आहे. नावं, वाट, मुक्काम आणि उतरण्याची तारीख द्यायची, ऑनलाइनही होतं. त्याचीच एक प्रत पुण्यात घरी ठेवा.

आणीबाणीत 119 वर रुग्णवाहिका, 110 वर पोलीस. योकोओच्या पुढे फोनच्या रेंजवर भरवसा ठेवू नका, नकाशा आधीच उतरवून घ्या. प्रवासविमा घेताना डोंगरातली सुटका आणि किती मीटर उंचीपर्यंत चालतं, ही दोन कलमं वाचा. पुष्कळ स्वस्त विम्यांत तीच वगळलेली असतात.

वागण्यात काय सांभाळायचं?

कचरापेट्या नाहीत, आपला कचरा मात्सुमोतोपर्यंत आपल्याच सॅकमध्ये. अरुंद वाटेवर चढणाऱ्याला आधी जाऊ देतात. भेटणाऱ्याला "कोन्निचिवा" म्हणतात, तुम्हीही म्हणा. तिसऱ्या दिवशी तोंडाला सवय होते. ब्लूटूथ स्पीकर घरी. आणि गडावर पोचल्यावर गारद द्यायची आपली सवय चांगली, पण ती गडावर. इथे कुणी ओरडलं की लोकांना अपघात झाल्यासारखं वाटतं.

ओनसेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या स्नानगृहात, खरंच काहीही न घालता जातात?

हो. बायका-पुरुषांचे हौद वेगळे असतात. आधी बाहेर स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मग गरम पाण्यात शिरायचं. छोटा रुमाल डोक्यावर, पाण्यात बुडवायचा नाही. पहिली पाच मिनिटं सगळे मित्र छताकडे बघतात. डोंगरातून उतरल्यावर हिरायुला ही सोय आहे, आणि दोन दिवस चाललेल्या पायांना तिच्याइतकं सुख दुसरं नाही. गोंदण असेल तर आधी विचारा, काही ठिकाणी चालत नाही.

आई-बाबांना नेता येईल?

कामिकोचीला, जरूर. ताइशो तळ्यापाशी बसमधून उतरून कप्पाबाशीपर्यंत रमतगमत चालायचं, वाटेत लाकडी फळ्यांचा रस्ता आहे. पण मग कारासावाचा बेत वेगळा काढा. दोन्ही एका ट्रिपमध्ये कोंबलं की आई-बाबा हॉटेलात आणि तुम्ही घाईत.

कामिकोची जमलंच नाही तर?

ऑक्टोबरच्या पूर्वार्धात निक्कोचं सेन्जोगाहारा बघा: 1400 मीटरवरचं दलदलीचं माळरान, गवत तांबूस झालेलं, फळ्यांवरून दोन-तीन तासांची सपाट चाल. टोकियोच्या आसाकुसाहून रेल्वेने दोनेक तासांत निक्को, पुढे घाटातून बस. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात जाणाऱ्यांसाठी ताकाओ: 599 मीटर, शिंजुकूहून रेल्वेने तासाभराच्या आत. गर्दी मात्र अशी की लक्ष्मी रोडची आठवण येते. पक्की वाट सोडून ओढ्याकाठच्या सहा नंबरच्या वाटेने वर जा.

आणि पाऊसच लागला तर?

एक दिवस मोकळा ठेवा असं सांगतो ते यासाठीच. हलक्या पावसात म्योजिनपर्यंत खुशाल चाला, ओलं जंगल कोरड्यापेक्षा गडद दिसतं. जोराचा असेल तर बसने मात्सुमोतोला या आणि किल्ला पाहा. सोळाव्या शतकाच्या अखेरीचा काळा लाकडी मनोरा, राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेल्या पाच किल्ल्यांपैकी एक. आतले जिने इतके उभे आहेत की दोरखंडाशिवाय चढता येतं एवढंच. दगड फेकायच्या फटी, बंदुकीसाठीच्या जंग्या, खंदक, दुहेरी दरवाजे, सगळं आहे. गड पाहत वाढलेल्या पुणेकरांचा अर्धा दिवस वाद घालण्यात सहज जातो. बूट दारात काढायला लावतात, तेव्हा त्या दिवशी तरी न फाटलेले मोजे घाला.